‘इन्युएन्डो’ : एक अल्बम, दोन श्रवणे

फेब्रुवारी १९९१ मध्ये ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचा ‘इन्युएन्डो’ हा अल्बम प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षीच्या २४ नोव्हेंबरला वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी निवर्तला. या दोन घटनांमध्ये साडेनऊ महिन्यांचे अंतर आहे. त्या काळात ऐकला गेलेला अल्बम आणि त्यानंतर ऐकला गेलेला अल्बम यांत एका स्वराचाही फरक नाही. तरीही ते दोन निराळे अल्बम असावेत असे वाटावे, इतका फरक त्यांच्या श्रवणात पडला. तो कसा पडला आणि त्यातून त्या कृतीला न्याय मिळाला की तिच्यावर अन्याय झाला, याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

नाट्यसंगीत आणि अभंग यांवर ज्यांचे कान घडले, त्या आमच्या वाचकांना हा विषय परका वाटणे स्वाभाविक आहे. पण मर्क्युरी वाटतो तितका दूरचा नाही. त्याचे मूळ नाव फरोख बुलसारा. कुटुंब पारशी, मूळचे बुलसरचे, म्हणजे आजच्या वलसाडचे; आडनाव त्या गावावरून आलेले. वडील झांझिबारला ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होते. तेथे ५ सप्टेंबर १९४६ रोजी जन्मलेला हा मुलगा आठव्या वर्षी शिक्षणासाठी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. शाळेच्या दिवसांतच पियानोवर त्याचा हात बसला आणि सवंगड्यांनी काढलेल्या ‘द हेक्टिक्स’ या वृंदात तो वाजवू लागला. १९६४ मध्ये झांझिबारात क्रांती झाली, तेव्हा बुलसारा कुटुंबाने ते बेट सोडून लंडनलगतच्या फेल्टम येथे बिऱ्हाड थाटले. पिढ्यान्‌पिढ्या गावापासून दूर राहून गावाचे नाव तेवढे आडनावात सांभाळावयाचे, हा अनुभव आमच्या इंदूर-ग्वाल्हेरच्या, बडोद्याच्या वा हैदराबादच्या घरांना नवा नाही. फरोखने मात्र तेही आडनाव पुढे मागे ठेवले आणि मर्क्युरी हे नाव घेतले.

‘क्वीन’ची स्थापना १९७० सालची. गिटारवादक ब्रायन मे, तालवादक रॉजर टेलर आणि मर्क्युरी यांना १९७१ मध्ये बेस गिटारवादक जॉन डीकन येऊन मिळाला. ही चौकडी त्यानंतर वीस वर्षे अभंग राहिली. १९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ने त्यांना जगभर पोहोचविले, १३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्लीच्या ‘लाइव्ह एड’ मैफलीत त्यांनी अवघे मैदान जिंकले. ९ ऑगस्ट १९८६ रोजी इंग्लंडमधील नेबवर्थ येथे त्यांचा मर्क्युरीसह शेवटचा जाहीर कार्यक्रम झाला. तो शेवटचा ठरणार आहे, हे जमलेल्या श्रोत्यांना ठाऊक नव्हते. पुढच्याच वर्षी मर्क्युरीला एड्सच्या विषाणूची बाधा झाल्याचे निदान झाले.

‘इन्युएन्डो’चे काम मार्च १९८९ मध्ये सुरू झाले आणि नोव्हेंबर १९९० पर्यंत चालले. काही भाग लंडनच्या मेट्रोपोलिस स्टुडिओत आणि काही स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे, सरोवराकाठच्या माउंटन स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. सहनिर्माता होता डेव्हिड रिचर्ड्स. रॉक संगीताच्या स्टुडिओतील काम आपल्या मैफलीसारखे एका बैठकीत होत नाही. ताल, बेस, गिटार, गळा हे सारे निरनिराळ्या पट्ट्यांवर, निरनिराळ्या दिवशी ध्वनिमुद्रित करावयाचे आणि मग त्यांची एकत्र वीण घालावयाची, अशी ती पद्धत. या पद्धतीमुळेच एका आजारी माणसाला हा अल्बम पूर्ण करता आला. ज्या दिवशी अंगात त्राण असे त्या दिवशी त्याने गावे, उरलेल्या दिवशी इतरांनी आपापले काम पुढे न्यावे.

शीर्षकगीत साडेसहा मिनिटांचे आहे. माँत्रोच्या स्टुडिओत सहज वाजवता वाजवता त्याचा पाया सापडला. मधल्या भागात स्पॅनिश गिटारची जी बरसात आहे, तीत ‘येस’ या वृंदाचा स्टीव्ह हाउ पाहुणा म्हणून वाजवून गेला. मुखपृष्ठासाठी ग्रांव्हिल या एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच व्यंगचित्रकाराचे, १८४४ च्या पुस्तकातील चित्र घेतले गेले. एक जादूगार ग्रहगोल हवेत झेलतो आहे, असे ते चित्र आहे.

आता एक महत्त्वाची बाब. १९८९ च्या ‘द मिरॅकल’ या अल्बमपासून या चौघांनी प्रत्येक गीताचे श्रेय चौघांच्या नावे द्यावयाचे ठरविले होते. पूर्वी श्रेयावरून वाद होत. ते मिटावेत हा त्यामागील हेतू. पण त्यामुळे कोणते गीत मुळात कोणाचे, हे श्रोत्यांस कळेनासे झाले. सर्वांत हृदयद्रावक मानले जाणारे ‘द शो मस्ट गो ऑन’ हे गीत मर्क्युरीचे आत्मकथन समजले जाते. वस्तुतः त्याची स्वररचना टेलर आणि डीकन यांच्या कल्पनेतून निघाली आणि शब्द प्रामुख्याने ब्रायन मे याचे आहेत. चाल इतकी उंच होती की आजारी मित्राला ती झेपेल की नाही, अशी मे याला शंका होती. मर्क्युरीने व्होडकाचा एक घोट घेतला आणि गीत पूर्ण ताकदीने गाऊन टाकले, अशी आठवण मे याने पुढे सांगितली आहे. गेलेल्या दिवसांकडे शांतपणे पाहणारे ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ हे मुख्यतः टेलरचे.

मग मर्क्युरीच्या स्वतःच्या हातचे काय? वेड्यासारख्या उपमा रचून हसविणारे ‘आय अ‍ॅम गोइंग स्लाइटली मॅड’ आणि लाडक्या मांजरीवरचे ‘डिलायला’. या दुसऱ्या गीतात मे याने गिटारमधून चक्क मांजरीचे म्यांव काढले आहे. म्हणजे निरोपाची गाणी मित्रांनी लिहून त्याच्या गळ्यात घातली आणि तो स्वतः विनोद करीत राहिला. आम्हांस या अल्बमचे मर्म येथे दिसते.

पहिल्या स्वागतात यांपैकी काहीच दिसणे शक्य नव्हते. शीर्षकगीत जानेवारी १९९१ मध्ये ब्रिटनच्या विक्रीयादीत अग्रस्थानी गेले, पाठोपाठ अल्बमही गेला. अमेरिकेत मात्र तो तिसाव्या क्रमांकापलीकडे चढला नाही. समीक्षकांचे मत संमिश्र होते. ब्रिटिश संगीत-पत्रकारांचे आणि ‘क्वीन’चे तर पूर्वीपासूनच फारसे सख्य नव्हते. फेब्रुवारी १९९० मध्ये ब्रिट पारितोषिकांच्या सोहळ्यात मर्क्युरी अतिशय कृश दिसला होता. वृत्तपत्रे कुजबुजत होती, वृंद इन्कार करीत होता. श्रोत्यांपुढे होती ती एका मुरलेल्या वृंदाची नवी कृती. तिची तुलना त्यांच्या जुन्या वैभवाशी करावी, हे ओघानेच आले.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरीने आपल्या आजाराचे निवेदन प्रसिद्ध केले आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. त्याचे अंत्यसंस्कार पारशी धर्मोपदेशकांच्या प्रार्थनेने झाले. मागे टाकलेले आडनाव नाही, पण आडनावामागची परंपरा शेवटी त्याच्यापाशी आली. डिसेंबरात ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आणि ‘दीज आर द डेज’ यांची जोडमुद्रिका निघाली व अग्रस्थानी पोहोचली. तिचे उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला गेले. दुसऱ्या गीताचे कृष्णधवल चित्रीकरण मे १९९१ मधले. कॅमेऱ्यासमोर मर्क्युरी त्यानंतर उभा राहिला नाही. आता लोकांना प्रत्येक ओळीत मृत्यूची चाहूल ऐकू येऊ लागली. अल्बमचे मृत्युपत्र झाले.

‘इन्युएन्डो’ या शब्दाचा अर्थच मुळी आडून सुचविलेला अर्थ असा आहे. आपल्या काव्यशास्त्रात यालाच व्यंजना म्हटले आहे. ‘सूर्य मावळला’ हे साधे वाक्य मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त उदाहरणादाखल घेतले आहे. गुराख्याला त्यातून गुरे परत वळविण्याची सूचना मिळते, अभिसारिकेला प्रियकराकडे निघण्याची. शब्द तेच, पण ऐकणाऱ्याची स्थिती बदलली की ध्वनी बदलतो. नोव्हेंबरनंतरचे श्रोते चुकले, असे म्हणूनच म्हणता येणार नाही. त्यांच्यासाठी सूर्य खरोखरच मावळला होता.

तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने शेवट ठाऊक असल्याचा मोह आवरावयास हवा. शेवटाकडून मागे वाचत गेले की सर्व काही पूर्वनियोजित भासते आणि माणसांनी त्या त्या दिवशी केलेले साधे, अनिश्चित काम दृष्टीआड होते. आपल्या पूर्वजांच्या स्थलांतराविषयी लिहितानाही आपण हीच चूक करतो. कायमचे स्थायिक व्हावयाचे या निश्चयानेच जणू ते निघाले होते, असे मानतो. ‘इन्युएन्डो’ हा मर्क्युरीने योजलेला अखेरचा निरोप नव्हता, याचा सर्वांत सबळ पुरावा म्हणजे तो संपल्यावरही तो थांबला नाही. मे १९९१ मध्ये तो माँत्रोच्या स्टुडिओत पुन्हा गात होता. ‘मदर लव्ह’ या गीताचे शेवटचे कडवे त्याच्याकडून राहून गेले. ते मे याने गायिले आणि नोव्हेंबर १९९५ च्या ‘मेड इन हेवन’ अल्बममध्ये ते गीत प्रसिद्ध झाले.

ज्या वाचकांना हा अल्बम ऐकण्याची इच्छा होईल, त्यांनी शेवटच्या गीतापाशी अवश्य रेंगाळावे. पण त्याआधी ‘डिलायला’ ऐकावे. मांजरीच्या खोड्यांवर लाडाने रागावणारा तो आवाज पुढच्या हिवाळ्याचा विचार करीत नाही. हातातले गाणे नीट व्हावे, एवढीच त्याची त्या दिवसापुरती काळजी आहे.