टपालातून आलेली रायफल

मार्च १९६३. डॅलसच्या ली हार्वी ऑस्वल्डने मासिकातलं कूपन भरून शिकागोच्या दुकानातून रायफल मागवली. दुर्बिणीसकट किंमत १९.९५ डॉलर. नाव खोटं, पत्ता पोस्टाच्या पेटीचा. कुणी काही विचारलं नाही, कारण विचारायची सक्तीच नव्हती. वॉरन आयोगाच्या निष्कर्षानुसार, २२ नोव्हेंबरला याच रायफलीने अध्यक्ष केनेडींचा जीव घेतला.

ही वाट बंद व्हायला १९६८ उजाडलं. परराज्यातल्या ग्राहकाला थेट बंदूक पाठवायला नव्या कायद्याने मनाई केली. मध्ये परवानाधारक दुकानदार हवाच. १९९८ पासून हा दुकानदार ग्राहकाची गुन्हेगारी नोंदही तपासून घेऊ लागला.

१९९९ मध्ये ईबेने बंदुकांचे लिलाव बंद केले. त्याच वर्षी 'गनब्रोकर' सुरू झालं. तिथे बोली मोबाइलवर लागते, पण परराज्यात विकलेली बंदूक दुकानदारामार्फतच हातात पडते.

पळवाट उरली ती एकाच राज्यातल्या दोन खासगी माणसांच्या सौद्यात. ऑनलाइन ओळख, प्रत्यक्ष भेट, रोख पैसे. अशा विक्रीत तपासणीची सक्ती केंद्राचा कायदा करत नाही; काही राज्यं करतात, बरीच करत नाहीत. ऑस्वल्डला न विचारलेला प्रश्न तिथे आजही न विचारता राहू शकतो.