पायी वारी थांबली तेव्हा

कोरोनात घरातली म्हातारी माणसं एकटी पडली, असं आपण म्हणतो. भरल्या घरातही ती एकटी कशी पडली, हे मला वारीच्या गोष्टीतून कळतं.

१८९७ साली प्लेगच्या वेळी इंग्रजांनी साथरोग कायदा केला. मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात तोच लागू झाला. देवळं बंद झाली. मे महिन्यात केंद्राची सूचना आली, पासष्टीच्या पुढच्यांनी गरजेशिवाय बाहेर पडू नये. धोका त्यांनाच जास्त, त्यामुळे सूचना रास्तच होती. पण हळूहळू बाकीची माणसं कामाला लागली, आजी मात्र ओट्यावरच राहिली.

त्या वर्षी पायी वारी झाली नाही. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका ३० जूनला एसटीनं पंढरपूरला गेल्या, सोबत मोजकीच माणसं. १ जुलैला आषाढी एकादशी, आणि पंढरपुरात संचारबंदी! २०२१ लाही पादुका एसटीनंच गेल्या.

घरचे म्हणायचे, टीव्हीवर दर्शन घ्या की. अहो, अडलं होतं ते दर्शनापाशी नाही. घरी ती कुणाची सासू, कुणाची आजी. दिंडीत तिची स्वतःची जागा असते, डोक्यावर तुळस असते, सत्तरीतही ती फुगडी घालते. सुनेला जे सांगता येत नाही ते सासवड ते जेजुरीच्या वाटेवर शेजारणीला सांगून मोकळी होते. ही शेजारीण दुसऱ्याच तालुक्यातली, वर्षातून एकदाच भेटणारी. तिचा फोन नंबर कशाला घ्यायचा? पुढच्या आषाढात त्याच दिंडीत, त्याच ओळीत ती असणारच, हा भरवसा. कितीतरी जणींना तर एकमेकींचं आडनावही ठाऊक नसतं, 'लिंबाच्या वस्तीवरची' एवढीच ओळख.

मग दोन वर्षं वाट बंद झाली. रोज मरणाच्या बातम्या यायच्या, आणि आपली शेजारीण आहे की गेली, हे विचारायचं कुणाला? घरात तर तिला कुणी ओळखतही नव्हतं.

जून २०२२ मध्ये पालख्या पुन्हा पायी निघाल्या. आमच्या गटातल्या एकीच्या सासूबाई जाताना नातवाची जुनी वही घेऊन गेल्या. मुक्कामाला बसून त्यांनी ओळीतल्या बायकांची नावं, गावं, मुलांचे नंबर लिहून घेतले. तीन जागा रिकाम्या होत्या. एकीची खबर लोणंदला कळली. बाकी दोघींचं कुणालाच सांगता आलं नाही.