डॉ. अलेक्झांडर गिब्सन आणि मुंबई इलाख्यातील वनरक्षणाचा आरंभ

हिंदुस्थानातील सरकारी वनव्यवस्थेचा इतिहास सामान्यतः इ. स. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस हे पहिले वनमहानिरीक्षक झाले तेथपासून सांगितला जातो. परंतु मुंबई इलाख्यात १८४७ मध्येच वनसंरक्षकाची नेमणूक झालेली होती. त्या पदावरील डॉ. अलेक्झांडर गिब्सन (१८००-१८६७) हे व्यवसायाने शल्यवैद्य व वृत्तीने वनस्पतिज्ञ होते. ही गोष्ट त्यांच्या कार्याचे स्वरूप समजण्यास महत्त्वाची आहे.

स्कॉटलंडमध्ये जन्मलेले गिब्सन १८२५ मध्ये कंपनीच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. १८३८ पासून पुण्याजवळील दापुरी येथील वनस्पति-उद्यान त्यांच्याकडे होते. औषधी व उपयुक्त वनस्पतींची लागवड करणे आणि त्यांची रोपे व बियाणे वाटणे हे या उद्यानाचे काम. दख्खन व कोकणातील भ्रमंतीत त्यांना डोंगर उघडे पडताना दिसले. वृक्षतोडीमुळे झरे आटतात आणि वाहून आलेल्या मातीने खाड्या भरतात, हा विचार त्यांनी १८४६ च्या सुमारास सरकारपुढे मांडला. १८६० पर्यंत ते वनसंरक्षक होते. डाल्झेल यांच्यासह लिहिलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला.

तथापि केवळ झऱ्यांच्या काळजीने सरकारने नवे खाते उभारले असते काय, हा प्रश्न विचारावाच लागतो. जहाजबांधणीला साग हवा होता, आणि तो दुर्मिळ होत चालला होता. जलाची चिंता वैद्याची होती, तर लाकडाची चिंता राज्यकर्त्यांची. पहिलीला अधिकाराचे बळ लाभले ते दुसरीच्या आश्रयाने. या तडजोडीचा भार मात्र तिसऱ्यावरच पडला. डोंगरउतारावर झाडे तोडून व जाळून केली जाणारी कुमरी शेती गिब्सन यांना वनाची शत्रू वाटे. जे तीवर जगत, त्यांच्या निर्वाहाचा प्रश्न या विचारात गौण ठरला.

येथे अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘आज्ञापत्रा’चे स्मरण होते. आरमारासाठी लाकूड लागते हे त्यातही मान्य आहे. पण आंबा-फणसाची झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये. जीर्ण झालेले झाड तोडावयाचे तर धन्याला राजी करून व मोल देऊन तोडावे, असे अमात्य बजावतात. गरज तीच, परंतु संमतीची अट वेगळी. १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी जंगलावरील सरकारी सत्ता दृढ केली, तेव्हा ही अट मागे पडली. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात जोतीराव फुले यांनी जंगलखात्यावर धरलेला रोष याच अभावातून उद्भवला. गुरे चारण्याचे डोंगर व माळ खात्याने घेतले, ही त्यांची तक्रार होती.

यावरून गिब्सन यांना केवळ साम्राज्याचा हस्तक मानणे अन्यायाचे होईल. वन, पाणी व शेती यांचा त्यांनी दाखविलेला संबंध खरा होता. दोष निरीक्षणात नव्हता. ज्यांच्या भूमीवर ते निरीक्षण लागू करावयाचे, त्यांना विचारण्याची जागाच त्या व्यवस्थेत नव्हती. म्हणून वनरक्षकाच्या चरित्राचे मूल्यमापन राखलेल्या वृक्षांवरून करताना, त्यांची किंमत कोणी दिली हेही इतिहासकाराने नोंदले पाहिजे.