घारापुरीची सुट्टी

मंडळी, शहापूरकरांनी आसनगावला गाडी धरावी, मुरबाडकरांनी एसटीने कल्याण गाठावे, आणि मुंबईस गेटवेवरून लाँचमध्ये बसून तासाभरात घारापुरी बेटावर उतरावे. पुळणीची हौस मात्र घरी ठेवावी. किनाऱ्याला चिखल नि खारफुटीच फार. पाहायचे ते वर डोंगरात : सहाव्या शतकाच्या सुमारास कातळात कोरलेले शिवाचे लेणे आणि त्यातली सुमारे २० फूट उंचीची त्रिमुखी मूर्ती.

हे कोणत्या राजाने करविले, यावर पंडितांत वाद आहेत. आम्हां संघटनेवाल्यांना मात्र बेटावर सापडलेली कलचुरी कृष्णराजाची हलक्या किमतीची नाणी अधिक मोलाची वाटतात. ती पाथरवटांच्या मजुरीची असावीत, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. मुरबाडहून चढणाऱ्या आपल्या नाणेघाटातही दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत, असे सांगतात. तिथल्या सातवाहनांच्या लेखात यज्ञात दान दिलेल्या गाईंचे, हत्तीघोड्यांचे, कार्षापणांचे आकडे आहेत. लेणे खोदणाऱ्याला काय मिळाले, ते नाही. घारापुरीच्या मातीने निदान तेवढे जपून ठेवले.

आणि तिकडे जायचा रविवार? तोही कोणी आंदण दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या, ५,५०० सह्यांचा अर्ज केला, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी मालकांनी आठवड्याची सुट्टी कबूल केली. सोमवारी लेणी बंद असतात. तेव्हा रविवारच धरावा, आणि परतीच्या लाँचची वेळ उतरतानाच विचारून ठेवावी.