पहिला थर: गाळाचा आणि चांदीचा
कावेरीकाठच्या स्वामिमलैचे स्थपती मेणाच्या मूर्तीवर पहिला लेप नदीच्या बारीक गाळाचा देतात. दागिन्यांची रेघ न् रेघ त्यात उमटते. मग मेण वितळवून काढतात आणि पोकळीत धातू ओततात. याकोबीने १८३८ मध्ये विजेने तांब्याची प्रतिकृती घडवण्याची रीत जाहीर केली, तेव्हा पहिल्या थराचा प्रश्न युरोपातही उभा राहिला, कारण मेण वीजवाहक नाही. ग्राफाइटची भुकटी चोळून पाहिली. खोल खाचांत कुंचला पोहोचेना. इंग्लंडात अलेक्झांडर पार्क्सने वस्तू फॉस्फरसच्या द्रावणात, नंतर सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवली. फॉस्फरसमुळे क्षारातली चांदी सुटून पृष्ठभागावर बसली. अशा रीतीने कोळ्याचे जाळेही धातूने मढवले गेले! द्रावण मात्र ज्वालाग्राही होते. आज चांदीच्या कणांचा रंग फवारतात. तो जाड बसला, तर कोरीवकाम बुजते.