शंभरातले किती?

आमच्या वऱ्हाडातला शेतकरी मृगाआधी एक लहानसा प्रयोग करतो. शंभर दाणे मोजून घ्यायचे, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचे आणि काही दिवसांनी कोंब मोजायचे. ऐंशी उगवले तर उगवणशक्ती ऐंशी टक्के. अमरावतीच्या कापूसबाजारातला काटा पारखायचा तर त्यावर ठाऊक वजन ठेवतात. मी अकोल्याचा, क्ष-किरण टिपणाऱ्या यंत्रांचा इतिहास वाचताना या दोन्ही रीती मला पदोपदी आठवतात. कारण त्या यंत्रालाही याच दोन परीक्षा असतात. किरणाची ऊर्जा ते खरी सांगते का? आणि शंभर किरण आले तर त्यांतले किती टिपते?

राँटगेनला १८९५ साली क्ष-किरण सापडले, ते चकाकणाऱ्या पडद्यामुळे. १९६० नंतर सिलिकॉन आणि जर्मेनियम या अर्धवाहकांचे स्फटिक पुढे आले. किरण स्फटिकात शोषला गेला की विजेचा ठोका उमटतो. ठोका मोठा तितकी ऊर्जा अधिक. मात्र दुबळे किरण वरच्या आवरणातच अडकतात, जोरकस किरण आरपार निघून जातात. म्हणून कार्यक्षमता ऊर्जेगणिक निराळी.

दाणे मोजता येतात; किरण मोजून कसे सोडायचे? त्यासाठी ठाऊक तीव्रतेचे किरणोत्सारी द्रव्य यंत्रापुढे ठेवतात. पण लोह-५५ हे द्रव्य २.७ वर्षांत निम्मे होते. चिठ्ठीवरची तारीख पाहिली नाही, तर निर्दोष यंत्रही अधू ठरायचे! अमेरिशियम-२४१ला निम्मे व्हायला ४३२ वर्षे लागतात.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने इतर संस्थांच्या साहाय्याने ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहासाठी असे एक यंत्र सिद्ध केले. कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे ५ मिलिमीटर जाडीचे स्फटिक, आणि त्यांत १६,३८४ घरे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी ते आकाशात गेले, तेव्हा ऊर्जा पारखण्यासाठी अमेरिशियमही सोबत होते.

दुसऱ्या परीक्षेसाठी आकाशातलाच दिवा हवा. तो म्हणजे खेकडा तेजोमेघ, १०५४ साली चिनी ज्योतिषांनी पाहिलेल्या स्फोटाचा अवशेष. कित्येक दशके ज्योतिर्विदांनी त्याला स्थिर प्रमाणदीप मानले. पण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने धक्का दिला: २००८पासून दोनेक वर्षांत तो सुमारे ७ टक्क्यांनी मंदावला होता.

वाचकहो, दोष दिव्याचा की यंत्राचा? एकाच उपग्रहाची साक्ष असती तर यंत्रालाच दोष लागला असता. परंतु चार निरनिराळ्या उपग्रहांवरच्या यंत्रांनी एकच उतार दाखवला. त्यांतल्या दोघांत अर्धवाहक स्फटिकच होते. बाकीच्या दोघांची घडण अगदी वेगळी. तेव्हा कुठे दिवा मंदावला हे मान्य झाले. म्हणूनच आज अनेक उपग्रह एकाच वेळी त्या दिव्याकडे पाहतात आणि आपापले आकडे एकमेकांशी ताडून घेतात.