ट्रॅक्टरचा रोल बार

ट्रॅक्टर उलटला तरी चालक त्याखाली चिरडला जाऊ नये म्हणून आसनामागे किंवा आसनाभोवती बसवलेली पोलादी चौकट. ती दोन खांबी, चार खांबी किंवा केबिनच्या सांगाड्यातच सामावलेली असते. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना ती सक्तीची केली. पुढच्या तीन दशकांत तेथे उलटून होणारे मृत्यू अगदी थोडे उरले. अमेरिकेतील १९७६ चा नियम मजूर ठेवणाऱ्या मालकांपुरता होता, घरच्या माणसांनी कसलेली शेती त्यातून सुटली.

अशा अपघाताचा दोष चालकाच्या हयगयीला देण्याची रीत आहे आणि उपाय म्हणून प्रशिक्षण सुचवले जाते. ओढायचे वजन ड्रॉबारलाच बांधावे, रस्त्यावर येताना दोन्ही ब्रेक पेडल खटक्याने जोडून घ्यावीत, हे शिकवायलाच हवे. पण मागची चाके चिखलात रुतून फिरेनाशी झाली की इंजिनाचा जोर ट्रॅक्टरच्या धडावर येतो आणि बोनट वर उचलले जाते. साधारण पाऊण सेकंदानंतर ते सावरता येत नाही. दीड सेकंदात ट्रॅक्टर पालथा होतो. एवढ्या अवधीत क्लच दाबणे मुरलेल्या चालकालाही बहुधा जमत नाही, म्हणून खरी भिस्त चौकटीवरच ठेवावी लागते.

चौकट नुसती भक्कम असून भागत नाही. तिने वाकत वाकत धक्का पचवायचा असतो, मात्र चालकाभोवतीच्या ठरावीक जागेत शिरायचे नसते. लंबक-चाचणीत २,००० किलोचा ठोकळा झुलवून तिच्यावर आदळतात आणि ही जागा शाबूत राहिली का ते पाहतात. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात पाइप जोडून केलेली चौकट किंवा उन्हापावसासाठी टाकलेले पत्र्याचे छत या कसोटीला उतरलेले नसते. एकदा उलटलेल्या ट्रॅक्टरची चौकट सरळ करून वापरू नये, बदलावी.

आसनाचा पट्टा बांधला तर उडी मारता येत नाही, हा आक्षेप चौकट नसलेल्या ट्रॅक्टरपुरता खरा आहे. तेथे पट्टा बांधूच नये. चौकट असेल तर मात्र सुरक्षित जागा तिच्या आतच असते, आणि बिनपट्ट्याचा चालक नेमका तिच्याबाहेर फेकला जातो.

द्राक्षमांडवाखाली चौकट अडते, हीही अडचण खरी. त्यासाठी दुमडता येणारे रोल बार मिळतात. चौकट दुमडलेली असताना पट्टा सोडावा. मांडवाबाहेर येताच चौकट उभी करून खिळी घालावी आणि पट्टा पुन्हा बांधावा.